साभार परत न येणारी कथा

रायपूरहून पुण्या-मुंबईच्या मासिकाकडे कथा पाठवायची म्हणजे एके काळी दोन लिफाफे लागत. एकात कथा घालायची आणि दुसऱ्यावर स्वतःचाच पत्ता लिहून, पुरेशी तिकिटे चिकटवून तो पहिल्याच्या पोटात ठेवायचा. महिना-दोन महिन्यांनी पोस्टमन तो दुसरा लिफाफा घेऊन आला की घरातल्या कुणी काही विचारण्याची गरज नसे. आत ‘साभार परत’ची छापील चिठ्ठी असणार, हे त्याच्या जाडीवरूनच कळे. तात्यापाऱ्यातल्या किंवा चौबे कॉलनीतल्या एखाद्या मराठी घरात कपाटाच्या वरच्या फळीवर असा गठ्ठा आजही सापडला, तर नवल वाटायला नको.

तो लिफाफा आता इतिहासजमा झाला आहे. कथांचे पुस्तक काढण्यासाठी ना प्रकाशकाच्या पायऱ्या झिजवाव्या लागत, ना पदरचे पैसे घालून हजार प्रती छापून पलंगाखाली ठेवाव्या लागत. ॲमेझॉनच्या किंडलवर २०१६ च्या डिसेंबरपासून मराठी पुस्तकांचे दालन आहे आणि तिथे लेखकाला स्वतः ई-बुक काढता येते. खाते उघडायला पैसे पडत नाहीत. फाइल चढवायची, मुखपृष्ठ जोडायचे, किंमत लिहायची. काही दिवसांतच पुस्तक विक्रीला लागते. नकार देणारे तिथे कुणी बसलेले नाही. यातच सगळी सोय आहे आणि खरी गोमही यातच आहे.

आपले आपणच छापण्याची कल्पना या भागाला नवी मात्र नाही. माधवराव सप्रे हे मराठी घरातले गृहस्थ. पेंड्रा येथे राजकुमारांना शिकवण्याच्या नोकरीत असताना त्यांनी जानेवारी १९०० मध्ये ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक सुरू केले. प्रकाशक वामनराव लाखे, सोबतीचे संपादक रामराव चिंचोलकर. म्हणजे तिन्ही नावे मराठी आणि मासिक हिंदी! छपाई आधी रायपूरला आणि पुढे नागपूरला होई. याच मासिकात १९०१ साली सप्र्यांनी स्वतःची ‘एक टोकरी भर मिट्टी’ ही कथा छापली. जेमतेम दोन-तीन पानांची, एका विधवेची झोपडी आणि तिच्यावर डोळा असलेला जमीनदार एवढाच ऐवज. हिंदीतली पहिली लघुकथा हीच, असे अनेक अभ्यासक मानतात, काही मानत नाहीत. मासिक तोट्यात जाऊन १९०२ च्या अखेरीस बंद पडले, कथा मात्र अजून वाचली जाते.

सप्र्यांना कथा साभार परत करणारा कुणी नव्हता, हे खरे. पण शेजारी दुसरे संपादक होते, छापखान्यात खिळे जुळवणारा होता, मुद्रिते तपासणे होते आणि मुख्य म्हणजे सप्रे स्वतः इतरांच्या पुस्तकांची परखड समालोचना करणारे होते. चार डोळ्यांखालून न जाता काही बाहेर पडत नसे. ई-बुक काढणाऱ्याच्या बाबतीत नेमके हेच चार डोळे गळून जातात. संपादकाची कात्री, मुद्रितशोधकाची लाल शाई, ‘शेवट पटला नाही’ असे लिहिणारा एखादा खडूस परीक्षक, हे सगळे लेखकालाच बाहेरून जमवावे लागते. ज्याने जमवले नाही त्याचेही पुस्तक निघतेच. फक्त ते तिसऱ्या पानावर मिटले जाते आणि मिटले गेल्याचे लेखकाला कळतसुद्धा नाही.

रायपुरात याची पहिली अडचण येते ती टंकलेखनाची. जुन्या कथा डीटीपीवाल्याकडून टाइप करून घेतलेल्या असतील, तर त्या बहुधा कृतिदेव, श्री-लिपी असल्या फॉन्टांत असतात. ती फाइल तशीच चढवली की वाचकाच्या पडद्यावर अगम्य चिन्हांची रांगोळी उमटते. मजकूर युनिकोडमध्येच हवा. रूपांतर करून देणाऱ्या सोयी आहेत, पण त्या जोडाक्षरांवर हमखास अडखळतात, म्हणून रूपांतरानंतर प्रत्येक ओळ डोळ्यांखालून घालण्याला पर्याय नाही. दुसरे म्हणजे, इथल्या टायपिस्टचा हात हिंदीवर बसलेला. त्याच्या बोटांना ‘ळ’ ठाऊकच नसतो. मग ‘काळ’ आला की ‘काल’ होतो, ‘वेळ’ची ‘वेल’ होते आणि ‘बाळ’ म्हणजे केस ठरतात! इनस्क्रिप्टच्या कळफलकावर ‘ल’ची जी कळ, तीच शिफ्टसह दाबली की ‘ळ’ मिळतो. तेवढे त्याला दाखवून दिले तरी निम्मे काम हलके होते. हल्ली मोबाइलला मराठीत सांगितले की तो लिहून घेतो. हात दुखणाऱ्या वयस्कर मंडळींसाठी ती मोठीच सोय आहे, मात्र विरामचिन्हे आणि ऱ्हस्वदीर्घ नंतर तपासून घ्यावेत.

शुद्धलेखन तपासताना एक पथ्य पाळावे. निवेदनातली अशुद्धे काढावीत, पण पात्रांच्या तोंडची भाषा धुऊन टाकू नये. नागपूरकडून आलेल्या घरातली आजी ‘काय करून राहिली?’ असेच विचारणार. तिच्या तोंडी ‘काय करते आहेस?’ घातले की आजी पुण्याची होते आणि कथा कुठलीच राहत नाही. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या माणसांची मराठी पुस्तकांत फार थोडी उतरली आहे. भोसल्यांच्या काळापासून छत्तीसगढात आलेली घराणी, त्यांचे सणवार, घरात मराठी आणि दाराबाहेर हिंदी-छत्तीसगढी अशी दुहेरी जगणी, हे लिहील तर इथलाच माणूस लिहील. आणि आज लिहिले नाही, तर नातवंडांच्या पिढीला ते वाचताही येईल की नाही, कुणी सांगावे! त्या वरच्या फळीवरच्या गठ्ठ्याचे मोल यासाठी आहे. पसंत न पडलेल्या सगळ्याच कथा वाईट होत्या असे नाही. काही केवळ लांबच्या होत्या.

गठ्ठ्यातली एखादी कथा पूर्वी दिवाळी अंकात आली असेल, तर ती पुन्हा वापरता येते का? पुष्कळ जण इथे घाबरून थांबतात. कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्यानुसार हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी आणि सहीनिशी द्यावे लागतात. मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे धरतात. २०१२ च्या दुरुस्तीने आणखी एक गोष्ट घातली. करार झाला तेव्हा व्यवहारात नसलेल्या माध्यमाचा त्यात स्पष्ट उल्लेख नसेल, तर तो करार त्या माध्यमाला लागू होत नाही. म्हणजे नुसत्या मानधनाच्या मनिऑर्डरीवर छापलेली कथा बहुतेक वेळा लेखकाचीच असते. संपूर्ण पुस्तकाचा जुना करार असेल तर मात्र तो आधी वकिलाला दाखवून घ्यावा.

करार वाचण्याचे महत्त्व रायपूरला कुणी वेगळे सांगायला नको. विनोदकुमार शुक्ल यांच्यासारख्या श्रेष्ठ हिंदी लेखकाने २०२२ मध्ये याच शहरातून जाहीर तक्रार केली, की इतक्या वर्षांच्या पुस्तकांपोटी हाती वर्षाकाठी काही हजार रुपयेच येतात. ई-बुकांविषयीही त्यांची नाराजी होती. प्रकाशकांनी आपापली बाजू मांडली, वाद बराच गाजला. पुढे ‘दीवार में एक खिड़की रहती थी’ ही त्यांची कादंबरी दुसऱ्या प्रकाशनाकडे गेली आणि २०२५ च्या सप्टेंबरमध्ये रायपुरातच त्यांना ३० लाख रुपयांच्या मानधनाचा धनादेश देण्यात आला. हा आकडा पाहून कुणी हुरळून जाऊ नये. तो एका मोठ्या लेखकाचा आणि छापील पुस्तकाचा आहे. पण लेखक तोच आणि पुस्तक तेच असताना हिशेब किती बदलू शकतो, ते यातून दिसते.

किंडलवरचा हिशेब सरळ आहे. लेखकाला ३५ टक्के किंवा ७० टक्के मिळतात. भारतातल्या विक्रीवर ७० टक्के हवे असतील तर किंमत ठरावीक मर्यादेत ठेवावी लागते आणि पुस्तक ९० दिवसांच्या मुदतीसाठी फक्त त्यांच्याकडेच ठेवण्याचे कबूल करावे लागते. त्या काळात तेच ई-बुक दुसरीकडे देता येत नाही, फुकटसुद्धा नाही. ही अट न वाचता टिचकी मारणारे पुष्कळ. बँक खाते आणि पॅन क्रमांक लागतो, शिवाय अमेरिकेचा एक कर-फॉर्म भरावा लागतो. त्यात पॅन नीट भरला तर तिकडच्या विक्रीवरची करकपात ३० ऐवजी १५ टक्के होते. न्यू जर्सीतल्या मावसबहिणीने पुस्तक घेतले तर तेवढाच फायदा. आयएसबीएन क्रमांक ई-बुकला सक्तीचा नाही. हवा असेल तर भारतात तो सरकारी संस्थेकडून विनामूल्य मिळतो, त्यासाठी कुणी हजारो रुपये मागू लागला तर सावध व्हावे. पैशांपेक्षा वाचकच हवे असतील, तर ई साहित्य प्रतिष्ठान मराठी पुस्तके वाचकांना फुकट पोहोचवते, आणि एकेक कथा सुटी टाकून पाहायची असेल तर प्रतिलिपीवर मराठी विभाग आहे.

पहिल्या पुस्तकासाठी आठ-दहा कथा पुरेत. चढवण्याआधी त्या लेखकाला मुळीच न ओळखणाऱ्या एका तरी माणसाला वाचायला द्याव्यात. महाराष्ट्र मंडळातली कुणी ओळखीची ओळखीची बाई चालेल, आपली जाऊ नको. पुस्तक निघाले की साध्या मोबाइलवर स्वतः उघडून पाहावे, कारण बहुतेकांच्या हातात तोच असणार. पहिल्या दहा-पंधरा प्रती नात्यातच जातात, त्यात कमीपणा नाही. फक्त जवळच्या नातलगांनी आणि मित्रांनी तिथे कौतुकाचे अभिप्राय लिहिलेले नियमात बसत नाहीत, ते काढून टाकले जातात. सुनेचे आणि भाच्याचे कौतुक फोनवरच ऐकून घ्यावे.