डिस्क खातं कोण?

हॉस्टेलच्या फाइल सर्व्हरची डिस्क भरली की दोन गोष्टी ठरलेल्या. नोटीस बोर्डावर 'विद्यार्थ्यांनी पिक्चर व गेम्स त्वरित डिलीट करावेत' असा कागद लागतो, आणि दोन दिवसांनी कुणाचं तरी फोल्डर साफ होतं. गेल्या सेमिस्टरला फायनल इयरच्या एका ग्रुपची प्रोजेक्टची रीडिंग्ज अशीच गेली. पिक्चरही गेले, त्याचं दुःख वेगळं! पण मित्रांनो, एवढं उडवूनही जागा मोकळी झालीच नाही. मग खात कोण होतं?

(माझं मराठी कॉन्व्हेंटचं, सांभाळून घ्या.)

लिनक्समध्ये जागेचा हिशोब विचारायला दोन कमांड आहेत. 'डीएफ' थेट फाइल सिस्टिमला विचारते, किती जागा वापरात आहे? 'डीयू' एकेका फोल्डरात शिरून फाइल्सची बेरीज करते. ती रूटनेच चालवायची, नाहीतर बंद फोल्डर मोजायचे राहतात. आता 'डीएफ'चा आकडा खूपच मोठा आला, तर समजायचं की चोर फोल्डरात नाहीच.

कारण फाइल डिलीट करणं म्हणजे फक्त तिचं नाव खोडणं. एखाद्या प्रोग्रामने ती उघडी धरली असेल, तर तो सोडेपर्यंत जागा अडकलेलीच. म्हणजे रजिस्टरमधून मुलाचं नाव काटलं, पण रूमला कुलूप अजून त्याचंच! लॉग फाइल्सचं हमखास असं होतं. कुणीतरी भलामोठा लॉग उडवतं आणि सर्व्हिस त्याच बिननावाच्या फाइलमध्ये लिहीत बसते. 'एलएसओएफ'ला 'प्लस एल वन' दिलं की अशा फाइल्स सापडतात. मग ती सर्व्हिस रीस्टार्ट करायची, बस्स.

सांबाची गंमत आणखी वेगळी. त्यात रीसायकलची सोय चालू असेल, तर आपण डिलीट केलेलं सगळं त्याच डिस्कवर, डॉटने सुरू होणाऱ्या लपलेल्या फोल्डरात जाऊन पडतं. ते आपोआप रिकामं होत नाही. म्हणजे नोटीस वाचून आपण इमानदारीत पिक्चर उडवायचे, आणि जागा सुटणार शून्य! स्नॅपशॉट ठेवले असतील तरी तेच. शिवाय ईएक्सटी४ रूटसाठी ५ टक्के राखून ठेवतं. १ टीबीत जवळजवळ ५० जीबी.

आपण साधू नाही, हे मान्य. एकच पिक्चर सहा जण सहा फोल्डरांत ठेवतात. लॅबच्या सरांच्या डोक्यावर परीक्षा, प्रिंटर, इंटरनेट सगळंच असतं, तेव्हा फोल्डर उडवणं सोपं वाटणारच. कोटा लावा, माझी हरकत नाही. पण अंदाजाने दुसऱ्याचं काम पुसणं मला पटत नाही. डिस्क परत आणता येते, सहा महिन्यांची रीडिंग्ज कुठून आणायची?

नोटीसबरोबर या दोन कमांडचे आकडेही बोर्डावर लावा, आणि कुणाचंही फोल्डर पुसायच्या आधी त्याला आठवडाभर मुदत द्या. कमांड चालवायला माणूस नसेल तर मी येते. शनिवारी दुपारी लॅब रिकामीच असते.