अंगावरून वारे गेल्यानंतर

पक्षाघाताचा रुग्ण घरी आला की सारे घर त्याच्या सेवेला लागते. सून घास भरवते, मुलगा शर्टाची बटणे लावतो, कोणीतरी रोज तेलाने मालीश करते. यामागच्या मायेबद्दल शंका नाही. पण ही सेवा कधी कधी त्या लुळ्या हाताच्याच मुळावर येते.

मेंदूचा मेलेला भाग परत उगवत नाही. मात्र शेजारच्या चेतापेशी नवे जोड तयार करून त्याचे काही काम उचलू शकतात. अट एकच, ते काम रुग्णाने स्वतः, पुन्हा पुन्हा करायला हवे. दुसऱ्याने हात हलवून दिला तर सांधे मोकळे राहतात, पण मेंदू त्यातून फारसे शिकत नाही.

उलट, न वापरणेही मेंदू शिकतो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडवर्ड टाउब यांच्या प्रयोगांत एका हाताची संवेदना तोडलेली माकडे तो हात वापरणेच सोडून देत. चांगला हात बांधला, की त्याच ‘निकामी’ हाताने खाऊ उचलत! यातून निघालेल्या उपचारात रुग्णाच्या चांगल्या हातात जाड मोजा चढवतात आणि अधू हाताकडून दिवसाचे कित्येक तास काम करून घेतात. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत २२२ रुग्ण होते. झटक्याला तीन ते नऊ महिने उलटलेले, पण मनगट-बोटे थोडी तरी हलणारे. दोन आठवड्यांच्या सरावाचा फायदा वर्षभरानंतरही टिकून होता.

मग हे घरच्यांनाच शिकवले तर? घरच्यांकडून व्यायाम करून घेण्याचा प्रयोग भारतातील १४ रुग्णालयांत १,२५० रुग्णांवर झाला. ‘लॅन्सेट’ने २०१७ मध्ये निष्कर्ष छापले : सहा महिन्यांनी मृत्यू किंवा परावलंबित्व दोन्ही गटांत ४७ टक्के. दोष नातेवाइकांच्या माथी मारणे अन्यायाचे ठरेल. चार दिवस शिकवून फिजिओथेरपिस्टचे काम त्यांच्यावर सोपवता येत नाही, हे मात्र कबूल करायला हवे. स्वस्त पर्याय सरकारला नेहमीच आवडतात. हा कामाचा नाही.

आज अतिदक्षता विभागावर लाखो रुपये खर्च होतात आणि डिस्चार्जच्या कागदावर ‘फिजिओथेरपी चालू ठेवणे’ एवढी एक ओळ असते. कुठे, कोणाकडे, किती दिवस? उपजिल्हा रुग्णालयात फिजिओथेरपिस्ट आणि वाचा-उपचारतज्ज्ञ यांची भरलेली पदे हेच त्याचे उत्तर. विमा कंपन्यांनीही महिनोन्‌महिने चालणारा हा खर्च उपचारातच धरला पाहिजे.

तोवर डिस्चार्ज घेतानाच विचारून घ्यावे : गिळताना ठसका लागत नाही ना, आणि घास रुग्णाने स्वतःच्या हाताने कधीपासून घ्यायचा?