दुकान एका जिन्नसाचे, पेठ सर्वांची

पंढरपुरात महाद्वारापासून प्रदक्षिणामार्गापर्यंत हिंडताना बुक्का, अष्टगंध, कुंकू, तुळशीच्या माळा, तसबिरी, चुरमुरे आणि पेढे एकाच फळीवर मांडून बसलेली दुकाने जागोजाग दिसतात. आणि दुकानदारास विचारावे तर तो सांगतो की, आषाढी, कार्तिकी, माघी व चैत्री या चार वाऱ्यांवर ज्याची वर्षाची भिस्त, त्याने एकाच मालावर विसंबणे म्हणजे आपल्या हाताने दुकानास कुलूप घालणे होय. या पक्षाला ॲडम स्मिथचाही आधार सापडतो. श्रमविभागाची मर्यादा बाजाराच्या विस्तारावर अवलंबून असते असे त्याने १७७६ साली लिहिले, आणि स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखातील एकाकी शेतकऱ्यास घरापुरते खाटीक नि भटारी व्हावेच लागते, हा दाखला दिला.

दाखला खरा, परंतु तो वाडीवरच्या किराणा दुकानास लागू पडतो, पंढरपुरास नाही. वाडीतल्या दुकानदाराने मिठापासून वह्यांपर्यंत सर्व काही ठेवावे, कारण त्याचे गिऱ्हाईक मोजके. जेथे लाखो माणसे आपल्या पायांनी चालत येतात, तेथे बाजाराचा विस्तार वारीनेच करून ठेवला आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. २०२० व २०२१ साली पायी वारी झाली नाही, संतांच्या पादुका एस. टी.ने आल्या; तेव्हा ज्यांच्या चुली थंडावल्या त्यांचे दुःख मी हलके मानीत नाही. परंतु त्या काळात किराणावाला तगला तो विविध माल ठेवल्यामुळे नव्हे, तर घरोघरी रोज लागणारा माल ठेवल्यामुळे. माळ, तसबीर, बुक्का व पेढा हे चार जिन्नस दिसायला निराळे, पण चारही एकाच वारकऱ्याच्या कनवटीवर अवलंबून; तो आला नाही की चारही पडून राहतात. मग या वैविध्याने जोखीम कोणती वाटली गेली?

उलट पखवाज भरणाऱ्या कसब्याकडे पाहावे. पुडीवर लोहकिसाची शाई थरावर थर चढवून प्रत्येक थर दगडाने घोटावयाचा, वाद्या ओढून गठ्ठे ठोकावयाचे, डाव्या तोंडावर कणीक लावून नाद जुळवावयाचा. आणि शाईचा थर कोठे उकलतो आहे हे बोटाच्या एका थापेने ओळखावयाचे. हे ज्ञान पेढ्यांच्या वजनकाट्यावर लक्ष ठेवून येत नाही. अशा माणसाचे गिऱ्हाईक वारीपुरते नसते. गावोगावचे हरिनाम सप्ताह आणि कार्तिकातला काकडा चालू असतो, तोवर फाटकी पुडी घेऊन भजनी मंडळी आडदिवशीही त्याचा उंबरठा गाठतात. दुसऱ्याने तयार केलेला माल आणून विकणाऱ्यास ही बरकत नाही, हे मान्य केले पाहिजे. त्याने आधी एखादा जिन्नस पारखावयास शिकावे, निदान तुळशीचे लाकूड कोणते आणि तुळशीच्या नावाने खपणारे कोणते, एवढे तरी.

वैविध्य हवेच, पण ते दुकानाचे नव्हे, पेठेचे. एकदा माघीच्या सुमारास अशा कसब्यापाशी बसलो असता एका म्हाताऱ्या बुवांनी त्याच्याकडे टाळ मागितले. त्याने मांडीवरचा पखवाज खाली न ठेवता पलीकडच्या दुकानाकडे हात केला, आणि म्हणाला, ‘‘माऊली, टाळाचा नाद त्यांना कळतो, त्यांच्याकडून दोन-चार जोड वाजवून घ्या, तोवर तुमची पुडी चढवून ठेवतो.’’