मोटारींच्या ‘सत्यकथा’ आणि बैलगाडीची कसोटी

गेल्या सत्रात ‘स्वाभिमान’ या विषयावरचे निबंध तपासताना तीन वह्यांत आम्हांला एकच मोटार भेटली. अलवरचे महाराज जयसिंह साध्या वेषात लंडनमध्ये फिरत होते, रोल्स-रॉइसच्या दुकानातल्या विक्रेत्याने त्यांना हिडीसफिडीस केले, महाराजांनी राजवेषात परत येऊन तिथल्या सगळ्या गाड्या विकत घेतल्या आणि अलवरला नेऊन कचरा वाहायला जुंपल्या. अखेर कंपनीने माफी मागितली, अशी ती गोष्ट. तिन्ही वह्यांत ‘ही सत्यघटना आहे’ हे वाक्य होते. एकीत तर त्याखाली रेघ मारलेली होती.

त्या रेघेवरून आमच्यात वाद झाला. एका पक्षाचे म्हणणे, पुराव्याविना सत्य म्हटले म्हणून गुण कापावेत. दुसऱ्याचे म्हणणे, गोष्ट रंगतदार आहे, मुलांनी ती मन लावून लिहिली आहे, तिच्यामागे दंडुका घेऊन का लागावे? हा लेख त्या वादातून निघाला आहे.

या किश्शाबरोबर तारीख येत नाही, पत्र येत नाही, वर्तमानपत्राचे कात्रण येत नाही. उलट हाच किस्सा पतियाळाच्या, भरतपूरच्या आणि हैदराबादच्या अधिपतींच्या नावावरही सांगितला जातो. नायक बदलतो आणि कथानक जागचे हलत नाही, तेव्हा आपण कल्पनाबंधाच्या प्रदेशात आहोत हे लोकसाहित्याच्या विद्यार्थ्याने ओळखावे. राजवाड्यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’च्या पहिल्या खंडाच्या प्रस्तावनेत बखरींची जी कठोर झडती घेतली, ती आपण वर्गात शिकवतो. मोबाइलवर आलेल्या बखरीपुढे मात्र आपण निमूट मान डोलावतो.

यावर आम्ही एक घरगुती कसोटी सुचवतो. मोटारीच्या कोणत्याही ‘सत्यकथे’तून मोटार काढून तिथे बैलगाडी किंवा टांगा जोडून पाहावा. कथा न अडखळता चालू लागली, तर तिच्या सत्यतेविषयी सावध व्हावे.

शास्त्रज्ञ आणि त्याचा ड्रायव्हर ही प्रसिद्ध कथा घ्या. आपल्याकडे ती आइन्स्टाइनच्या नावावर चालते, इतरत्र माक्स प्लांकच्या. तेच ते व्याख्यान ऐकून ड्रायव्हरला पाठ होते, एके ठिकाणी दोघे जागा बदलतात, श्रोत्यांतून अवघड प्रश्न येतो आणि व्यासपीठावरचा ड्रायव्हर म्हणतो, इतका सोपा प्रश्न तर माझा ड्रायव्हरही सोडवील! आता मोटार काढा. दुब्नोचे मग्गिद म्हणून ओळखले जाणारे ज्यू प्रवचनकार याकोव क्रान्त्स १८०४ साली वारले. त्यांच्याविषयी हीच कथा सांगतात. तिथे ड्रायव्हरच्या जागी घोडागाडीचा गाडीवान आहे आणि व्याख्यानाच्या जागी प्रवचन. अमेरिकी गुंतवणूकदार चार्ली मंगर यांनी २००७ साली दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या दीक्षान्त भाषणात प्लांकची कथा सांगितली, ती आख्यायिका आहे असे म्हणूनच. त्या एका शब्दाने कथेची गंमत रतिभरही कमी झाली नाही.

घाटात हात दाखवून गाडी थांबवणारी आणि पुढच्या वळणावर नाहीशी होणारी पांढऱ्या साडीतली बाई आपल्या परिचयाची आहेच. ती कधी सांगणाऱ्याला भेटत नाही. ती त्याच्या मित्राच्या मित्राला भेटते. यान हॅरल्ड ब्रुनवांड यांनी १९८१ साली अमेरिकी नागर दंतकथांवर पुस्तक लिहिले, त्याचे शीर्षकच अशा नाहीशा होणाऱ्या प्रवाशावरून घेतलेले आहे. या कथेचीही घोडागाडीच्या काळातली रूपे आहेत. अलवरच्या गोष्टीचे तेच. गाड्यांच्या जागी शाली ठेवा, विक्रेत्याच्या जागी पेढीवरचा शेठ. अपमानित गिऱ्हाइकाने उगवलेला सूड तसाच्या तसा उरतो.

आता खऱ्या गोष्टींकडे वळू. १८८८ सालच्या ऑगस्टमध्ये बेर्टा बेंत्स यांनी पती कार्ल यांना न सांगता त्यांची तीनचाकी मोटार बाहेर काढली आणि दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्त्सहाइमला माहेरची वाट धरली. अंतर शंभर किलोमीटरांच्या वर. पेट्रोलपंप ही वस्तू जगात नव्हती. वाटेत वीस्लोख गावी औषधाच्या दुकानातून त्यांनी लिग्रोइन नावाचे द्रावण विकत घेतले. इंधनाची नळी तुंबली ती टोपीच्या पिनेने मोकळी केली. उघड्या पडलेल्या तारेला मोज्याचा बंध गुंडाळला. ब्रेक झिजले तेव्हा चांभाराकडून त्यावर चामडे बसवून घेतले. चढ आला की गाडी ढकलायची. आता इथे बैलगाडी जोडून पाहा. कथा पहिल्याच पावलाला बसकण मारील, कारण बैलाला लिग्रोइन लागत नाही.

दुसरी गोष्ट इंग्लंडमधल्या केंट परगण्यातली. १८९६ सालच्या २८ जानेवारीला वॉल्टर आर्नल्ड पॅडक वुड गावातून ताशी सुमारे ८ मैल वेगाने मोटार हाकत गेले. कायद्याने वस्तीतली मर्यादा ताशी २ मैल, आणि गाडीसोबत पायी चालणारा माणूसही हवा. एका शिपायाने सायकलवरून सुमारे ५ मैल पाठलाग करून त्यांना गाठले. वेगाबद्दल दंड झाला १ शिलिंग आणि वर खर्च. हा विनोद कोणी रचलेला नाही. संथ यंत्रांसाठी केलेल्या कायद्याच्या हद्दीत नवे यंत्र शिरले आणि विनोद आपोआप घडला. त्याच वर्षी कायदा बदलला आणि मर्यादा १४ मैलांवर गेली.

तिसरी तर कलकत्त्याची. तिथे राहणारे रॉबर्ट मॅथ्यूसन यांनी इंग्लंडातल्या लोस्टॉफ्टच्या ब्रुक कारखान्याकडून १९१० च्या सुमारास राजहंसाच्या आकाराची मोटार करवून घेतली. डोळ्यांत विजेचे दिवे, चोचीतून वाफेचा फवारा, आणि हंसाचा आभास पुरा व्हावा म्हणून मागून रस्त्यावर पडणारा चुना! रस्त्यावर इतकी घबराट झाली की पोलिसांना ही गाडी बंद करावी लागली. पुढे ती नाभ्याच्या महाराजांकडे गेली. आज ती हेगच्या लाउमन संग्रहालयात आहे. संस्थानिकाची अद्भुत मोटार हवीच असेल तर ही घ्या. हिला चाके आहेत आणि पत्ताही आहे.

आमची कसोटी अचूक आहे असा दावा नाही. बेर्टाबाईंच्या प्रवासातले बरेच तपशील कुटुंबीयांच्या नंतरच्या आठवणींतून आलेले आहेत आणि आठवणीही कथा रचतात. तरी एक भेद उरतो. दंतकथेतली मोटार शोभेपुरती असते आणि शेवटचे वाक्य आधीच ठरलेले असते. खऱ्या कथेत यंत्र बिघडते आणि त्या बिघाडातून कथा पुढे सरकते.

आता त्या रेघेकडे परत येतो. अलवरचा किस्सा खोटा असेल तर त्यात बिघडले काय, असे आमच्यातल्याच एकीने विचारले होते. आमचे उत्तर असे : पारतंत्र्यातल्या मनाने रचलेली ती फुंकर आहे, आणि तशी ती अभ्यासण्याजोगीही आहे. पण ‘सत्य’ म्हणून गिळली की तिच्या पोटातले गृहीतही नकळत गिळले जाते. कचरा वाहणे ही सर्वांत नीच गोष्ट, असे वाचकाने मानले तरच तो सूड पुरा होतो. महाराजांना नाव आहे, कंपनीला नाव आहे. अलवरचे रस्ते रोज झाडणारे हात मात्र त्या कथेत केवळ अपमानाचे माप म्हणून येतात. ज्या मुलुखात गाडगेबाबांनी खराटा खांद्यावर टाकून गावेच्या गावे झाडली, त्या मुलुखातल्या मुलांनी हे वाक्य स्वाभिमानाचा दाखला म्हणून लिहावे आणि आपण त्यावर बरोबरची खूण करावी, हे आम्हांला खुपले. सत्य म्हटलेल्या गोष्टीला प्रश्न विचारायचे राहून जाते. तीच गोष्ट आख्यायिका म्हणून समोर आली की ती कोणी रचली, कोणासाठी रचली आणि तिच्यात कोण गप्प आहे, हे सारे विचारता येते. आपल्या विषयाचे कामच ते.

गुण आम्ही कापले नाहीत. रेघेच्या समासात लिहिले, ‘ही आख्यायिका आहे. हिच्यातला झाडूवाला काय म्हणाला असता, ते एका पानात लिहा.’ तिघांपैकी दोघांनी पान आणून दिले. तिसरीने विचारले, दोन पाने चालतील का?