देणारा हात, घेणारा हात



२५ जानेवारी २०११ रोजी मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना मनमाडजवळ इंधनाची भेसळ चाललेली आढळली. ती रोखण्यास ते पुढे सरसावले आणि भेसळखोरांनी त्यांना जिवंत जाळले. दुसऱ्या दिवशी प्रजासत्ताक दिन होता.

भेसळीचे गणित व्यापारी कुटुंबांना समजावून सांगावे लागत नाही. शिधापत्रिकेवरचे रॉकेल तेव्हा स्वस्त होते, डिझेल महाग. दोहोंतील तफावत हाच नफा. असा धंदा रस्त्याकडेला बिनदिक्कत चालतो, तेव्हा कोणाची तरी नजर चुकलेली नसते, मुद्दाम वळवलेली असते. लाच पुष्कळदा या डोळेझाकीचेच मोल असते. न्यायालयाची शिक्षा गुन्ह्यानंतर होते. गुन्हा आधी अडतो तो अधिकाऱ्याच्या सचोटीने. सोनवणे यांनी नजर वळवली नाही.

मात्र अशी सचोटी एकाकी पडू नये, हे पाहणे आपल्याही हाती आहे. वाटूरसारख्या गावातील दुकानांतही वजनकाट्याच्या पडताळणीचा प्रसंग येतो. काटा बिनचूक असूनही ‘पुढे त्रास नको’ म्हणून पाकीट सरकवणारा व्यापारी निरीक्षकाला मोहात पाडतो आणि पुढच्या दुकानदारावर तोच पायंडा लादतो. २०१८च्या दुरुस्तीनंतर भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याने लाच देणाऱ्यासही सात वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. बळजबरीने द्यावी लागली असेल, तर सात दिवसांच्या आत तक्रार करणाऱ्यास संरक्षण आहे. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा क्रमांक त्यासाठीच आहे.

आपल्या परंपरेने हा विचार फार पूर्वी केला. तत्त्वार्थसूत्रात अचौर्याणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. त्यांत विरुद्धराज्यातिक्रम म्हणजे राज्याच्या नियमांचे उल्लंघन, हीनाधिक मानोन्मान म्हणजे खोटी मापे आणि प्रतिरूपक व्यवहार म्हणजे भेसळ यांची गणना आहे. निरीक्षकाने ज्यांकडे काणाडोळा करावा म्हणून पैसे दिले जातात, ते दोष बहुधा हेच. ते दुकानात नसतील, तर पाकिटाचे प्रयोजनच उरत नाही.

म्हणून येत्या पडताळणीला शासकीय शुल्क भरावे, पावती घ्यावी, पाहुण्याला चहा द्यावा. त्यापलीकडे काही पुढे करू नये. गल्ल्यावर बसू लागलेल्या मुलांनाही हीच रीत दाखवावी.