अवकाशबंदराबाहेर खाणावळ का नाही?

मराठी विज्ञानकथेवरील चर्चेत एक प्रश्न हटकून विचारला जातो : तिच्यातले विज्ञान कितपत खरे? आमच्या मते हा दुय्यम प्रश्न आहे. तिच्यातला चहा कोण करतो, हे आधी विचारायला हवे. यान निघायच्या बेतात असते, शास्त्रज्ञ चिंतेत असतात, चहा येतो, प्यायला जातो आणि कथा पुढे सरकते. तो कोणी टाकला, त्याचे पैसे दिले की उधारीवर मांडले, याचा पत्ता लागत नाही. अवकाशबंदरासारखी अवाढव्य गोष्ट उभी राहते आणि तिच्या फाटकाबाहेर टपरी नाही, लॉज नाही, सामान सांभाळणारा नाही, कपडे धुऊन देणारी नाही. वस्तुतः बंदर म्हटले की हमाल आलाच, हे मराठी माणसाला सांगावे लागू नये. इस्रोची स्थापना आणि महाराष्ट्राचा माथाडी कायदा दोन्ही १९६९ सालचे. पैकी एकाचीच आमच्या विज्ञानकथेला आठवण राहिली.

यावरचा ठरलेला बचाव असा की, विज्ञानकथा ही कल्पनेची कथा. टपऱ्या-खाणावळी हे वास्तववादी कथेचे नेपथ्य. हा बचाव मुळीच मान्य करता येत नाही. मेसमध्ये जेवलेल्या प्रत्येकाला 'खाडा' ठाऊक असतो : आधी सांगून जेवायला आला नाहीत, तर महिन्याच्या हिशेबातून तेवढे पैसे वजा. आता अवकाशबंदराबाहेर खाणावळ चालवणाऱ्या बाईंची वही डोळ्यांपुढे आणा. त्यांचे एक गिऱ्हाईक प्रकाशाच्या वेगाजवळ जाणाऱ्या मालवाहू यानावर हमाली करते. तो परततो तेव्हा त्याच्या घड्याळाप्रमाणे वर्ष लोटले आहे आणि बाईंच्या भिंतीवर वीस कालनिर्णये बदलली आहेत. खाडे किती धरायचे, एका वर्षाचे की वीस वर्षांचे? थकलेली उधारी कोणत्या भावाने वळती करायची? बाईंच्या जागी सून बसली असेल, तर वहीतल्या नावाचा माणूस हाच, हे तिने कशावरून मानायचे? विशिष्ट सापेक्षतेचा सिद्धान्त १९०५ सालचा. तो समजावताना आपण अजूनही जुळ्या भावांच्या पांढऱ्या केसांपाशीच घुटमळतो. कल्पनेची कथा हवी ना? मग ती या वहीत आहे.

परदेशी चित्रपटांनी हे ओळखले होते, आपापल्या मगदुराप्रमाणे. कुब्रिकच्या '२००१ : अ स्पेस ओडिसी'त (१९६८) अवकाशस्थानकावर हिल्टन हॉटेल आहे, दूरचित्रफोनचा आकारही दिसतो, यान पॅन ॲमचे आहे. ती कंपनी १९९१ मध्ये बुडाली, म्हणून चित्रपट खोटा पडला नाही. भविष्यातही पाट्या आणि दर असतील, हे त्याने गृहीत धरले, एवढे पुरे. (हिल्टनच्या चादरी कोण धुतो, हे त्यानेही दाखवले नाही, ते सोडा.) 'स्टार वॉर्स'मधला (१९७७) मोस आइस्लीचा गुत्ता त्याहून बोलका. नाना ग्रहांचे जीव तिथे एकत्र पितात, पण यंत्रमानवांना मात्र बाहेर थांबायला लावले जाते. त्या विश्वाची सामाजिक उतरंड गुत्तेवाल्याच्या एका हटकण्यात कळते. ज्या महाराष्ट्राने हॉटेलातली वेगळी कपबशी पाहिली आहे, दलित आत्मकथनांतून वाचली आहे, तिथल्या लेखकाला हे दृश्य आधी सुचायला हवे होते.

आपल्याकडे काहीच झाले नाही, असे नव्हे. जयंत नारळीकरांच्या 'गंगाधरपंतांचे पानिपत' या कथेतले गंगाधरपंत वेगळ्याच इतिहासाच्या मुंबईत पोहोचतात. ग्रंथालयात जाऊन पुस्तके उघडण्याआधीच त्यांना रस्त्यावरची दुकाने निराळी दिसतात. पानिपतचा निकाल दुकानांच्या पाट्यांवर वाचायला मिळतो! ही वाट पुढे रुळली नाही. आमचे निदान असे : विज्ञानप्रसाराचे व्रत कथेच्या गळ्यात पडले. मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धांनी या वाङ्मयप्रकाराला घर दिले; नारळीकरांची 'कृष्णविवर'सुद्धा १९७४ साली तिथेच, टोपणनावाने, आली. हे ऋण मोठेच आहे. पण प्रसार करायचा तर कथेतल्या प्रत्येकाला काहीतरी समजावून सांगता आले पाहिजे. टपरीवाला समजावून सांगत नाही. तो हिशेब मागतो. म्हणून तो बाहेर राहिला.

दुसरीकडे, ज्या १९६३ साली थुंब्याहून पहिला अग्निबाण उडाला, त्याच वर्षी 'कोसला', 'चक्र' आणि 'जेव्हा मी जात चोरली होती' ही पुस्तके आली. मेस, झोपडपट्टी, भाड्याची खोली यांतून माणूस उभा करणे म्हणजे काय, हे मराठी गद्याने तेव्हाच सिद्ध केले. गिरणगावात खाणावळवाल्या बायकांनी पाळीपाळीने कामगारांना जेवू घातले. त्यांना सावकारी पाशातून सोडवायला प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. हा ऐवज हाताशी असलेली भाषा भविष्याकडे वळताच प्रयोगशाळेत जाऊन दार लावून घेते, याला दारिद्र्य नाही तर काय म्हणावे? आमच्या वर्गातली बरीच मुले पानपट्टी, झेरॉक्स, पोळी-भाजी केंद्र यांवर चालणाऱ्या घरांतून येतात. आपण त्यांना जे भविष्य वाचायला देतो, त्यात त्यांच्या आईवडिलांना गाळा मिळालेला नाही.

आणि यासाठी तिसाव्या शतकात जायची गरजच नाही. श्रीहरिकोटाहून सुमारे वीस किलोमीटरवर सुल्लुरपेटा हे रेल्वेस्थानक आहे. उड्डाण पाहायला येणारे तिथेच उतरतात. १५ जुलै २०१९ च्या पहाटे चांद्रयान-२ चे उड्डाण ५६ मिनिटे उरली असताना थांबवले गेले आणि २२ जुलैच्या दुपारी झाले. थांबण्याचे तांत्रिक कारण वर्तमानपत्रांनी छापले. त्या पहाटेच्या गर्दीसाठी कोणी इडलीचे पीठ भिजवले असेल, तर त्याचे काय झाले? लॉजवाल्याने आगाऊ पैसे परत केले का? पुढच्या खेपेला त्याने कोणावर विश्वास ठेवला, इस्रोवर की आभाळाच्या रंगावर? ही कथा लिहायला क्रायोजेनिक इंजिनाचे ज्ञान फारसे लागत नाही. सुल्लुरपेट्याला चार दिवस मुक्काम करावा लागेल आणि जेवणाचे पैसे स्वतःच्या खिशातून द्यावे लागतील.