मोतीची हजामत

आमच्या घरीं मोती नांवाचा एक पांढरा केसाळ श्वान आहे, हें या सदराच्या नेहमींच्या वाचकांस ठाऊक आहेच. जातीनें तो स्पिट्झ. पुण्यांत ज्यांस सरसकट 'पामेरियन' म्हणतात त्यांपैकींच. त्याची व्यवस्था नातीकडे, लाड घरांतल्या इतर मंडळींकडे, आणि त्याच्यावर ओरडण्याचें काम तेवढें मजकडे. तेव्हां गेल्या वैशाखांत त्याची जी दशा झाली तिजबद्दल लिहिण्याचा अधिकार खरें म्हणजे माझा नव्हे. परंतु त्या प्रकरणीं पत्र लिहिण्याची कामगिरी माझ्यावर आली, आणि माझ्या हातून घडलेली एक हयगयही त्यांत आहे, म्हणून लिहितों.

अलीकडे श्वानांची हजामत करणारे लोक गाडी घेऊन दारीं येतात. माझ्या लहानपणीं नापित धोकटी घेऊन ओटीवर येई, त्यांतलाच हा प्रकार. धोकटीच्या जागीं पाण्याची टांकी, विजेची सोय, वारा फेंकणारें यंत्र आणि जनावर उभें करून गळ्यांत पट्टा अडकविण्याचें मेज, एवढें सर्व एका बंद गाडींत बसविलेलें असतें. सोय उत्तम आहे. ज्या श्वानाला रिक्षांत चढवावयास तीन माणसें लागतात, त्याच्या घरच्यांनीं तरी तिला नांवें ठेवूं नयेत.

चिरंजीवांनीं मोबाईलवरून सकाळीं अकराची वेळ ठरविली, १,८०० रुपये आगाऊ भरले, आणि सूचनेच्या रकान्यांत लिहिलें, "उन्हाळा आहे, केस कमी करावेत." गाडी आली दीड वाजतां. चिरंजीव कचेरींत, सूनबाई आपल्या खोलींत संगणकावरच्या सभेंत, आणि मी नुकताच जेवून आडवा झालेलों. विशीबाविशीचा एक मुलगा एकटाच आला होता. तो मोतीला घेऊन खालीं गेला. नात मागोमाग निघाली. तिला मींच थांबविलें. "त्याला त्याचें काम करूं दे, उगीच मध्यें मध्यें नको," असें म्हणालों. शिकवितांना खिडकींतून वर्गांत डोकावणाऱ्या पालकांचा मला जन्मभर तिटकारा. तो येथें नडला.

तासाभरानें मोती परत आला तो ओळखूं येईना. पाठीवरचे केस मुळापर्यंत उतरविलेले, खालचें गुलाबी कातडें उघडें, पुढच्या पायांच्या खाकेंत व पोटाच्या कडेला लाल चट्टे, आणि मागच्या एका नखांतून रक्त. आल्याबरोबर तो पलंगाखालीं शिरला. मुलगा दारांतच उभा राहून "आजोबा, केसांत गाठी फार होत्या," एवढेंच म्हणाला. नातीनें पाणी दिलें, तें तो उभ्याउभ्या घटाघटा प्याला, आणि "सकाळपासून हा सातवा," असें म्हणून निघून गेला. त्या वेळीं हें वाक्य माझ्या कानांवरून गेलें, इतकेंच.

मला संताप आला, आणि संताप आला कीं मी पत्र लिहावयास बसतों. अर्ध्या तासांत चार पानें झालीं. त्यांत 'नृशंस' हा शब्द दोनदां पडला होता. इतक्यांत आंतून आवाज आला, "तें लिहिणें मागाहून होईल. आधीं त्याच्या पायाकडे पाहा." सौभाग्यवतींनीं मक्याचें पीठ नखावर पांच मिनिटें दाबून धरलें तेव्हां रक्त थांबलें. मी चट्ट्यांना घरचें मलम लावावयास निघालों होतों. पशुवैद्यांनीं फोनवरच मना केलें. श्वान अंगाला लावलेलें सर्व चाटतो, आणि माणसाचें औषध त्याच्या पोटांत गेल्यास दुसरें दुखणें उभें राहतें. नातीनें मात्र औषधापूर्वींच सगळ्या चट्ट्यांचीं छायाचित्रें घेऊन ठेविलीं. हें तिला कोणीं सांगितलें नव्हतें. पुढें सर्व प्रकरण त्यांवरच उभें राहिलें.

संध्याकाळीं पशुवैद्यांनीं जें समजाविलें तें श्वान पाळणाऱ्या घरांनीं ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. चट्टे यंत्राच्या पात्याचे. पातें सारखें चालूं राहिलें कीं तापतें, आणि गुंत्यांतून चालविलें तर अधिकच लवकर. कारागिरानें तें वरचेवर स्वतःच्या मनगटाला लावून पाहावें, आणि तापलें तर बदलावें किंवा निवूं द्यावें. नखाच्या आंत रक्तवाहिनीचा जिवंत भाग असतो. पांढऱ्या नखांत तो गुलाबी दिसतो, काळ्यांत दिसत नाहीं. म्हणून काळें नख थोडथोडेंच छाटावयाचें. मोतीचीं नखें काळीं. हें सर्व दोन आठवड्यांत बरें होईल, असें ते म्हणाले, पण केसांविषयीं त्यांनीं तसें म्हटलें नाहीं. स्पिट्झच्या अंगावर केसांचे दोन थर असतात, वरचा लांब व राठ, खालचा मऊ व दाट. थंडीप्रमाणें उन्हापासूनही ते कातडीला सांभाळतात. शिवाय श्वानाला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाहीं. तो धापा टाकून उष्णता बाहेर घालवितो. तेव्हां केस उतरविले म्हणजे त्याला गार वाटेल, ही समजूत आपण आपल्या अंगावरून बांधलेली. उन्हाळ्यांत हवें असतें तें खालचा गळता थर विंचरून काढणें. मुळापासून काढलेले केस या जातींत कधीं कधीं महिनोन्‌महिने येत नाहींत. आले तरी विरळ, ठिगळांसारखे.

मग आमच्या "केस कमी करावेत" या आज्ञेचें काय? वाक्य व्याकरणदृष्ट्या शुद्ध आणि अर्थदृष्ट्या निरुपयोगी. किती कमी, कोठले कमी, हें त्यांत नाहीं. अशा उत्तराला मीं परीक्षेंत शून्य दिलें असतें.

दुसऱ्या दिवशीं चिरंजीवांनीं गाडीवाल्यांच्या कचेरींत फोन केला. एका मुलीनें गोड आवाजांत "आम्ही आपल्या भावनांचा आदर करतों" असें सांगून पुढच्या खेपेस वीस टक्के सूट देऊं केली. मला महाभारत आठवलें. आदिपर्वाच्या तिसऱ्या अध्यायाच्या आरंभींच अशी एक तक्रार आहे. जनमेजयाच्या सत्रांत सरमेचा पुत्र, म्हणजे एक श्वानच, येतो, आणि राजाचे भाऊ त्याला मारतात. तो रडत आईकडे जातो. आई प्रथम त्यालाच म्हणते कीं, तूं कांहीं अपराध केला असशील. हविर्द्रव्याकडे आपण पाहिलेंही नाहीं, असें तो सांगतो, तेव्हां कोठें ती सत्रांत जाऊन जाब विचारते. राजाच्या भावांनीं कांहींच उत्तर दिलें नाहीं. शाप येतो तो त्यानंतर. ही कथा मीं रात्रीं जेवतांना सांगितली, तेव्हां नातीनें विचारलें, "आजोबा, सरमेनें किती तारे दिले असते?"

सूनबाईंच्या मतें एकच तारा देऊन जगजाहीर करावें. चिरंजीवांच्या मतें थेट ग्राहक आयोग. मार्ग खुला होता. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यान्वयें पैसे घेऊन दिलेल्या सेवेंत हयगय झाली तर ती 'सेवेंतील त्रुटी' ठरते; दोन वर्षांच्या आंत जिल्हा आयोगाकडे जातां येतें, दिलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्कही नाहीं. तत्पूर्वीं १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक साहाय्य केंद्रास कळवितां येतें. कोणीतरी १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्याचेंही नांव काढलें; तें मीं तेथेंच थांबविलें. घडली ती हयगय होती. तिला क्रौर्य म्हटलें म्हणजे खऱ्या क्रौर्याला शब्द उरत नाहीं. जुनीं चार पानें फाडून मीं एका पानाचें पत्र लिहिलें: वेळ काय ठरली, गाडी केव्हां आली, सूचना काय होती, काय झालें, सोबत छायाचित्रें व पशुवैद्यांचा लेखी अभिप्राय, मागणी सेवेचे १,८०० व औषधोपचाराचे ९०० रुपये, पंधरा दिवसांत, तसें न झाल्यास आयोग.

वाद झाला तो एका वाक्यावरून. "आमची सूचना संदिग्ध होती, आणि काम चालूं असतां आमच्यापैकीं कोणी खालीं हजर नव्हतें," असें मीं लिहिलें होतें. चिरंजीव म्हणाले, "बाबा, हें आपण होऊन कशाला द्यायचें? ते त्याचाच फायदा घेतील." सूनबाईही त्यांच्याच बाजूच्या. मीं सरमेकडे बोट दाखविलें. तिनें आधीं आपल्या पोराची उलटतपासणी घेतली होती. शिवाय संदिग्ध सूचनेनें केस जातात, कातडें भाजत नाहीं; तें आमच्या माथीं येतच नव्हतें. बरीच रात्र झाल्यावर वाक्य राहिलें. चिरंजीव मनांतून राजी झाले, असें मी म्हणणार नाहीं.

चौथ्या दिवशीं स्वतः मालकांचा फोन आला. माणूस नम्र होता. "सर, सगळे पैसे पाठवलेत, औषधाचे सुद्धां. आणि त्या मुलाला मीं कालच काढून टाकलाय." हें दुसरें वाक्य त्यांनीं अशा सुरांत सांगितलें, कीं जणू मिठाईच्या पेटीबरोबर नारळ ठेवावा. मला काय बोलावें तें सुचेना. मुलगा दारांत उभा राहून पाणी पितांना डोळ्यांपुढें आला, आणि त्याचें तें "सातवा" कानांत नीट शिरलें.

त्या रात्रीं दुसरें पत्र लिहिलें. त्याला काढावें असें आम्हीं मागितलें नव्हतें. वैशाखाच्या उन्हांत एक माणूस, एक यंत्र, आणि दीड वाजेपर्यंत सहा श्वान उरकून सातवा. पातें निवावयास त्या वेळापत्रकांत अवकाश कोठें होता, आणि तें वेळापत्रक त्या मुलानें आंखलें होतें काय, एवढेंच विचारलें. उत्तर आलें, "बघतो, सर." पुढें मीं दोनदां फोन केला. दोन्ही वेळां तो गोड आवाज आणि भावनांचा आदर. त्या मुलाचें काय झालें तें मला अद्याप कळलेलें नाहीं. सूनबाईंनीं अखेर जें लिहावयाचें तें लिहिलें, झालें तें आणि पैसे परत मिळाले तेंही. तारे दोन दिले. नातीला एकही जास्त वाटला.

ज्येष्ठाच्या अखेरीस दुसऱ्या एका गाडीवाल्यास केवळ नखें व स्नान यांसाठीं बोलाविलें. मी स्टूल घेऊन दोन तास गाडीशेजारीं बसलों. कारागीर चाळिशीचा होता. त्याला माझें बसणें खटकलें नाहीं. उलट मोतीच्या तोंडाशीं बसा, म्हणजे तो हलणार नाहीं, असें त्यानेंच सांगितलें.

नात दर रविवारीं फूटपट्टीनें केस मोजते व वहींत लिहिते. पाठीवर पाऊण इंच झाले आहेत, शेपटीच्या मुळाशीं मात्र अजून रुपयाएवढी जागा गुळगुळीत आहे. स्वयंपाकघरांत चटणीसाठीं मिक्सर लावला कीं मोती पलंगाखालीं जातो, आणि तो बंद होईपर्यंत बाहेर येत नाहीं. सध्यां आमच्याकडे चटणी पाट्यावर वाटतात.